कोपनहेगन आणि माल्मो : पावसाला जागा ठेवणाऱ्या दोन शहरांतला उन्हाळा

नगररचनेच्या अभ्यासक्रमाचा भाग म्हणून मी यंदाचा उन्हाळा डेन्मार्कमधील कोपनहेगन आणि ओरेसुंड सामुद्रधुनीच्या पलीकडे असलेल्या, स्वीडनमधील माल्मोमध्ये काढला. शाश्वत शहर म्हटले की आपल्याकडे सायकली आणि पवनचक्क्यांचीच चर्चा होते. परंतु मुंबई-पुण्याकडून जाणाऱ्या विद्यार्थ्याने या दोन शहरांत सर्वांत आधी पावसाचे पाणी कुठून कुठे जाते ते पाहावे, असे माझे ठाम मत झाले आहे.

२ जुलै २०११ रोजी कोपनहेगनमध्ये काही तासांत १३० मिलीमीटरहून अधिक पाऊस कोसळला आणि तळघरे, रस्ते, दुकाने पाण्याखाली गेली. २६ जुलै २००५ चे सांताक्रूझचे ९४४ मिलीमीटर आठवणाऱ्यांना हा आकडा किरकोळ वाटेल, पण त्यानंतर त्या शहराने काय केले हे महत्त्वाचे आहे. महापालिकेने २०१२ मध्ये ढगफुटीचा स्वतंत्र आराखडा मंजूर केला आणि त्यातून सुमारे ३०० कामे वीस वर्षांत करायचे ठरले. नुसत्या जमिनीखालच्या वाहिन्या मोठ्या करत बसण्यापेक्षा पाणी जमिनीवरच रस्ते, चौक आणि उद्याने यांत थोपवायचे व सावकाश सोडायचे, हे त्यामागचे सूत्र आहे.

ऑस्टरब्रो भागातला टोसिंगे प्लाड्स हा चौक त्यासाठी निवांत पाहावा. पूर्वी तिथे बराचसा भाग डांबरी आणि गाड्या लावायचा होता. २०१४ मध्ये तिथे उताराची हिरवी टेकडी आणि खोलगट वाफे झाले. उलट्या छत्रीच्या आकाराची काळी पात्रे पाऊस झेलतात आणि ते पाणी खालच्या टाकीत साठते. छपरावरचे स्वच्छ पाणी आणि रस्त्यावरचे पाणी इथे वेगळे ठेवले जाते, कारण हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी टाकलेले मीठ झाडांना मारक ठरते. वेस्टरब्रोतले एंगहावेपार्केन उद्यान याहून मोठे. त्याच्या कडेने फिरणारी बुटकी भिंत एरवी लोकांना बसायला उपयोगी पडते, आणि मुसळधार पावसात तिच्यामधल्या वाटा बंद होऊन उद्यानात २२,००० घनमीटरहून अधिक पाणी साठू शकते.

माल्मोचे औगुस्तेनबोर्ग मला सर्वांत जवळचे वाटले, कारण ती १९५० च्या सुमाराची साधी भाड्याच्या घरांची वसाहत आहे. सांडपाणी आणि पावसाचे पाणी एकाच वाहिनीतून जात असल्याने तिथली तळघरे वारंवार तुंबत असत. १९९८ पासून रहिवाशांना सोबत घेऊन पावसाचे पाणी उघड्या पन्हळींत आणि तळ्यांत आणले गेले. या अरुंद पन्हळींच्या तळाशी बेडकाच्या पिलांच्या आकाराचे सिमेंटचे उंचवटे आहेत. थोडेसे पाणी असले तरी त्यांच्यामधून ते वळसे घेत वाहते राहते. ऑगस्ट २०१४ मध्ये माल्मोवर ढगफुटी झाली तेव्हा आजूबाजूच्या भागांच्या तुलनेत या वसाहतीची हानी बरीच कमी झाली. २००१ च्या गृहप्रदर्शनातून उभा राहिलेला वेस्त्रा हाम्नेन हा समुद्रालगतचा भाग देखणा आहे, तिथे अर्धा दिवस पुरतो.

तिथे जाऊन केवळ भारावून जाऊ नये. २०२५ पर्यंत कार्बन-तटस्थ होण्याचे, म्हणजे निव्वळ कार्बन उत्सर्जन शून्यावर आणण्याचे उद्दिष्ट गाठता येणार नाही, हे कोपनहेगनने २०२२ मध्येच मान्य केले. अमागर बाके या कचऱ्यापासून ऊर्जा निर्माण करणाऱ्या प्रकल्पात धुरातला कार्बन डायऑक्साइड पकडण्यासाठी लागणारा निधी न मिळणे हे त्याचे एक मोठे कारण होते. या विषयावर तिथल्या अधिकाऱ्यांना जरूर विचारावे.

अधिकाऱ्यांना भेटायचे असेल तर जुलै टाळावा. त्या महिन्यात डेन्मार्क आणि स्वीडन दोन्हीकडे कार्यालये सुट्टीवर असतात, म्हणून जूनचा पूर्वार्ध किंवा ऑगस्टचा उत्तरार्ध निवडावा आणि भेटीच्या वेळा निघण्यापूर्वीच इमेलवर ठरवून घ्याव्यात. शेंगेन व्हिसासाठी (युरोपातल्या अनेक देशांचा मिळून एकच व्हिसा) ज्या देशात जास्त रात्री मुक्काम असेल त्या देशाकडे अर्ज करावा लागतो. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून तो करता येतो आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा सक्तीचा आहे. कोपनहेगनहून माल्मोला रेल्वेने सुमारे चाळीस मिनिटांत पोहोचता येते, परंतु मध्ये ओळखपत्र तपासले जाऊ शकते, तेव्हा पासपोर्ट जवळच ठेवावा. दोन्ही देशांचे चलन वेगवेगळे आहे, पण कार्ड जवळपास सर्वत्र चालते.

तिथे वाहने रस्त्याच्या उजव्या बाजूने चालतात, म्हणून सायकल चालवताना डावीकडे वळायचे असल्यास चौक सरळ ओलांडून पलीकडच्या कोपऱ्यात थांबावे आणि मग सिग्नल मिळाल्यावर वळावे. थांबताना हात वर करावा. कोपनहेगनच्या एस-ट्रेन या उपनगरी रेल्वेत सायकल विनामूल्य नेता येते, मात्र गर्दीच्या वेळी नोरेपोर्ट स्थानकावर ती घेऊन चढता-उतरता येत नाही. राहण्याचा खर्च फार आहे, त्यामुळे स्वयंपाकघर असलेले वसतिगृहच शोधावे. शाकाहारी माणसाला तेच सोयीचे पडते. नळाचे पाणी निर्धास्त प्यावे. जलरोधक जाकीट मात्र सामानात हवेच, आणि पाऊस सुरू झाला की ते घालून थेट टोसिंगे प्लाड्स गाठावे, कारण कोरड्या दिवशी त्या चौकाचा अर्धाच अभ्यास होतो.