भागिले सत्तर

कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतल्या एका फौंड्रीच्या (धातू ओतकामाच्या कारखान्याच्या) टाइम ऑफिसात माझी सगळी नोकरी झाली. हजेरी, ओव्हरटाइम, पीएफचे (भविष्य निर्वाह निधीचे) फॉर्म हेच काम. निवृत्तीनंतरही जुने मोल्डर (साचे करणारे), फेटलिंगवाले (ओतीव माल घासून साफ करणारे) पासबुक घेऊन घरी येतात. "ताई, एवढीच कशी हो पेन्शन?" हाच त्यांचा प्रश्न. मी कागदावर हिशेब मांडून दाखवते. आज तोच इथे मांडते, कारण किमान पेन्शन वाढवा म्हणून दसरा चौकातून मोर्चा निघाला की दुसऱ्या दिवशी पेपरात मागणी छापून येते, हिशेब येत नाही.

या कामगारांना पेन्शन मिळते ती कर्मचारी पेन्शन योजनेतून. ही योजना १६ नोव्हेंबर १९९५ पासूनची, म्हणून ईपीएस-९५. फौंड्री, साखर कारखाना, सूतगिरणी, एसटी, सगळे यातच. कामगाराच्या पगारातून कापलेले १२ टक्के पूर्ण पीएफला जातात. पेन्शनला जातात ते मालकाच्या १२ टक्क्यांतले ८.३३ टक्के, वर केंद्र सरकारचे १.१६ टक्के. आणि तेही ठरलेल्या पगारमर्यादेपर्यंतच. ही मर्यादा २००१ साली ६,५०० झाली आणि सप्टेंबर २०१४ पासून १५,०००. म्हणजे साधारण कामगाराच्या नावाने पेन्शन निधीत महिन्याला जास्तीत जास्त १,२५० रुपये मालकाचे आणि १७४ सरकारचे.

पेन्शन काढायचं सूत्र एका ओळीचं आहे: पगाराची सरासरी गुणिले सेवेची वर्षं, भागिले ७०. आमच्याकडचे एक मोल्डर १९९६ साली लागले, २०१० साली अठ्ठावन्न पूर्ण करून बाहेर पडले. त्याआधी छोट्या वर्कशॉपमध्ये राबले होते, पण तिथे पीएफ नव्हता, त्यामुळे ती वर्षं कुठेच धरली गेली नाहीत. पेन्शनसाठी धरलेला पगार ४,२००, सेवा १४ वर्षं. भागाकार येतो ८४० रुपये. सप्टेंबर २०१४ मध्ये सरकारने किमान पेन्शन १,००० केली, तेव्हा त्यांचे ८४० चे हजार झाले. आणि तिथेच थांबले. या पेन्शनला महागाई भत्ता नाही. सुरू झाली त्या दिवशीचा आकडा मरेपर्यंत तोच. गॅसची टाकी आणली की त्यातलं फारसं काही उरत नाही. भट्टीपुढे उभं राहून ज्यांची छाती धुराने भरली, त्यांच्या औषधाचं कुणी विचारायचं?

२०१३ सालीच राज्यसभेच्या याचिका समितीने किमान ३,००० रुपयांची शिफारस केली होती. समितीचे अध्यक्ष भगतसिंह कोश्यारी, जे पुढे आपल्या राज्याचे राज्यपाल झाले. तो अहवाल तसाच पडून आहे.

आता मागणी आहे ७,५०० आणि त्यावर महागाई भत्ता. माझा तिला पाठिंबा आहे. पण मोर्चातल्या माणसांनी एक आकडा लक्षात ठेवावा असं मला मनापासून वाटतं. १५,००० च्या मर्यादेवर सलग ३५ वर्षं नोकरी केली तर सूत्राने पेन्शन येते ७,५००. वीस वर्षं पूर्ण केल्याबद्दलची दोन वर्षं वाढवून धरली तरी आठ हजारांच्या आतच. म्हणजे आपण जी किमान रक्कम मागतो ती या सूत्रातली जवळजवळ कमाल रक्कम आहे. ती निधीतून निघणार नाही. निधीच्या मूल्यांकनात, म्हणजे जमा आणि पुढचं देणं यांच्या हिशेबात, तूट दिसते, हे सरकारचं म्हणणं मी खोटं मानत नाही. पगारमर्यादा वाढवली तर जमा वाढेल, पण पुढचं देणंही वाढेल.

म्हणून निधीकडे बोट दाखवून विषय संपवू देऊ नये. आजही हजाराला कमी पडणारी भर केंद्राच्या अर्थसंकल्पातूनच येते. तत्त्व तर मान्यच आहे, फक्त आकडा २०१४ मध्ये अडकलाय. मागायचं ते तिजोरीकडे. शिरोलीत आज भट्टीवर असलेल्या पोरांच्या १,२५० रुपयांतून म्हाताऱ्यांना द्या असं आपण म्हणूच नये. ते त्यांच्या म्हातारपणाचे पैसे आहेत.

सर्वोच्च न्यायालयाच्या ४ नोव्हेंबर २०२२ च्या निकालाने वाढीव पगारावर पेन्शनचा पर्याय काहींना मिळाला. तो ज्यांचा पीएफच मर्यादेपेक्षा जास्त पगारावर कापला जात होता त्यांच्यासाठी. आमच्या मोल्डरांना त्याचा उपयोग नाही.

मला खरी काळजी आज भट्टीवर असलेल्या पोरांची वाटते. ठेकेदार बदलला की १०सी हा पैसे काढायचा फॉर्म भरून पेन्शनचे पैसे काढून घेतात. पोराचं ॲडमिशन असतं, गाडीचा हप्ता असतो, मला कळतं. पण पेन्शनला दहा वर्षं सेवा लागते, आणि पैसे काढले की मागची वर्षं पुसली जातात. तीन ठेकेदारांकडे चार-चार वर्षं केलेला माणूस दर वेळी पैसे काढत गेला, तर बारा वर्षं राबूनही पेन्शनला मुकतो. तेच पैसे न काढता नव्या ठिकाणी खातं त्याच यूएएनला (नोकरी बदलली तरी तोच राहणाऱ्या पीएफ क्रमांकाला) जोडून घेतलं, किंवा मध्ये काम नसेल तर त्याच १०सी फॉर्मवर स्कीम सर्टिफिकेट (झालेल्या सेवेचा दाखला) मागितलं, तर वर्षं जोडली जातात. साडेनऊ वर्षं भरली तरी दहा धरतात. युनियनच्या फलकावर मागण्यांच्या खाली एवढं तरी मोठ्या अक्षरात लिहा, आणि नव्या पोराच्या हातात पहिली पगारस्लिप पडेल त्याच दिवशी त्याला सांगा.