आईसाठी आज तिसरं सेंटर बघितलं
आज मुद्दाम संध्याकाळी गेलो, कारण सकाळी सगळीच सेंटर्स चकाचक असतात पण अल्झायमरवाल्यांची खरी घालमेल दिवस कलला की सुरू होते, आई तर पाच वाजले की पर्स घेऊन दाराशी, "मला घरी जायचंय", आणि असते घरातच. मॅनेजर बाई गार्डन, टीव्ही दाखवत होत्या, मी आपला विचारतोय रात्री ड्युटीवर किती जण, कोणी बाहेर निघालं तर कसं कळतं, चिडचिड वाढली की लगेच झोपेची गोळी देता का. शेवटच्या प्रश्नाला जरा गडबडल्या.

तेवढ्यात एक आजोबा आले, घरी सोडा म्हणाले. तिथल्या मावशींनी नाही म्हटलं नाही की समजावलं नाही, "चला, आधी एवढे टॉवेल घडी करू लागा मला." आजोबांनी काठाला काठ लावून इतकी नीट घडी घातली ना! नवीन काही टिकत नाही पण हातात मुरलेलं बरंच उशिरापर्यंत राहतं, डॉक्टर म्हणाले होते, आज बघितलं.

ताई फोनवर म्हणाली आईला टाकतोयस. रात्री दोनला आई रस्त्यावर सापडली तेव्हा ताई नव्हती, असो.

फॉर्म आणलाय. "पेशंटला कशाने बरं वाटतं" हा रकाना अजून कोराच आहे.