टपालडब्याचा हात

इंग्लंडच्या मिडलँड्समध्ये वाफेच्या गाड्यांची एक जपलेली रेल्वेलाईन आहे. सुट्टीच्या दिवशी मी तिथे बिनपगारी फिटर असतो. गेल्या शनिवारी आमच्या रेल्वेच्या जुन्या टपालडब्याचा ट्रॅडक्टर, म्हणजे थैल्या बाहेर धरणारा लोखंडी हात, पहिल्यांदा आपणहून मागे आला, आणि त्या दिवसाबद्दल लिहिल्याशिवाय मला राहवत नाहीये.

आपल्याकडे आरएमएसच्या, म्हणजे रेल्वे टपालसेवेच्या, डब्यात थैल्या चढायच्या-उतरायच्या त्या गाडी स्टेशनात थांबली की. इथली टपालगाडी ताशी ६० मैलांनी धावता धावताच थैल्या द्यायची आणि घ्यायची. ट्रॅडक्टर डब्याच्या दाराशी बिजागरीवर फिरतो. जाड चामड्यात बांधलेली थैली त्याला लटकवून तो बाहेर काढायचा. रुळालगतचं जाळं ती ओढून घेई. उलट बाजूने, खांबावर टांगलेली थैली डब्याचं जाळं उचलून घेई. मोटार कुठेच नाही. सगळं काम गाडीचा वेग करतो.

हात बाहेर टिकतो तो थैलीच्या वजनाने. थैली सुटली की स्प्रिंग त्याला डब्याच्या अंगाला परत आणते. हे आपोआपच व्हायला हवं, कारण बाहेर राहिलेला हात पुढच्या पुलावर आदळला तर काय होईल ते सांगायला नको. आमचा हात बाहेर जायचा आणि तिथेच अडकून बसायचा. रंग देऊन तो कितीही देखणा केला असता, तरी माझ्या लेखी ती दुरुस्ती झाली नसती.

बिजागरीवर रंगाचे थरच्या थर होते. जुन्या रंगात शिसं असतं, म्हणून मास्क लावून, ओलं करून खरवडायचं. नट सगळे विटवर्थ या जुन्या ब्रिटिश मापाच्या आट्यांचे, ५५ अंशांचे. घरचे मेट्रिक पाने तिथे निरुपयोगी. पिन बुशमध्ये, म्हणजे ती फिरते त्या नळीत, घट्ट धरलेली होती. तेल मुरवत, शेकत, पुन्हा तेल सोडत ती एकदाची निघाली, तर एका अंगाने पार झिजलेली. अख्खी बिजागरीच नवी बसवू, असं काहींचं मत होतं. मी हट्टाने नाही म्हटलं. मूळ लोखंड ठणठणीत होतं. पिन आणि ब्राँझचा बुश तेवढा लेथवर नवा केला, स्प्रिंगही नवी घेतली.

चाचणीत खरी कसोटी जड थैलीची नव्हती, हलक्या थैलीची होती. ६० पौंडांची वाळू भरली तेव्हा हात मुकाट बाहेर राहिला. २० पौंडांवर मात्र स्प्रिंग वजनाला भारी पडली आणि हात अर्ध्यावरच तरंगू लागला. ताण कमी करावा, तर थैली सुटल्यावर हात मागे यायला आळस करी. दोन्हींच्या मधली जागा फार अरुंद. दुपारभर आम्ही ती शोधत होतो.

त्या दिवशी टपालगाडीत पत्रं निवडणारे एक निवृत्त सॉर्टर मुद्दाम आले होते. ब्रिटनमधली धावत्या गाडीतली शेवटची देवघेव ४ ऑक्टोबर १९७१ला पेनरिथजवळ झाली; त्याआधी तरुणपणी त्यांनी हे काम केलेलं. अंधारात, धुक्यात जागा कशी ओळखायचात, असं मी विचारलं. ‘‘कानांनी. पुलावर चाकांचा आवाज बदलतो. तो ऐकला की हात बाहेर काढायचा,’’ ते म्हणाले.

चाचणीआधी त्यांनी आम्हा सगळ्यांना डब्यापासून लांब उभं केलं. मग आडव्या दांडक्याने थैली उडवली. खट्ट! हात डब्याला येऊन भिडला. हलकी थैली लावली, तीही गेली, पुन्हा खट्ट. त्यांनी माझ्या खांद्यावर जोरात थाप मारली आणि ‘‘आता जाळं,’’ म्हणाले.

जाळ्याचं काम मोठं आहे. ते बाहेर असेपर्यंत डब्यात इशाऱ्याची घंटा वाजत राहायला हवी, आणि तिच्या तारा कुजल्या आहेत. आमच्या लाईनवर ताशी २५ मैलांपेक्षा जास्त वेग घेता येत नाही. तरीही ती घंटा वाजल्याशिवाय चालत्या गाडीत जाळं उघडायला मी होकार देणार नाही.