बाबांचे सीमास्टर

"घड्याळाची केस, म्हणजे बाहेरचे धातूचे कवच, पॉलिश करून घेतलीत, तिथेच किंमत घालवलीत," आज म्हापशात घड्याळ दुरुस्त करणाऱ्या काकांनी डोळ्यावरचे भिंग न काढताच मला सांगितले.

बाबांनी कुवेतहून आणलेले ओमेगा सीमास्टर घड्याळ विकावे की ठेवावे, हे विचारायला मी गेलो होतो. पाटेक फिलिप या स्विस कंपनीने २०२१ मध्ये नॉटिलस ५७११ हे मॉडेल बंद केल्यावर त्याचे चढलेले आणि २०२२ पासून उतरलेले भाव मी पाहत बसलो. आपल्या पावसाळ्याच्या दमटपणाने डायलवर उमटलेले डाग मात्र पाहिले नाहीत.

संग्राहक मूळ डायल आणि केसच्या न घासलेल्या कडांना पैसे मोजतात.

काकांनी गॅस्केट, म्हणजे ओल आत जाऊ न देणारे रबरी कडे, बदलले, डायलला हात लावला नाही. विक्री तूर्त थांबवली आहे.

तुमच्यापैकी कोणी वडिलांचे घड्याळ विकले असेल, तर ती वेळ कशी ठरवलीत?