दमण: तारीख ठरवताना आधी तिथी बघा

धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या अनेक घरांत मुलांना समुद्र पहिल्यांदा दिसला तो डुमसला, तीथलला नाहीतर दमणला. कोकणापेक्षा हा किनारा आपल्याला जवळ. त्यातल्या दमणला दहा-बारा वर्षांनी पुन्हा जाणार असाल, तर आठवणीतला देवका बीच डोळ्यांपुढे ठेवून बेत आखू नका.

देवक्याला आता सुमारे साडेपाच किलोमीटरचा बांधीव किनारा आहे. 25 एप्रिल 2023 रोजी तो खुला झाला. चालायचा रुंद मार्ग, दिवे, बाग, खाण्याचे ठेले, गाड्या लावायला जागा. आजी-आजोबांना, बाबागाडीतल्या बाळाला घेऊन संध्याकाळी फिरायला इतकी चांगली सोय पूर्वी नव्हती. पण रस्त्यावरून उतरलो की थेट वाळूत, हे सुख गेले. भरतीला पाणी भिंतीपर्यंत येते. भिंतीवर आपटलेली लाट परतताना पायथ्याची वाळू ओढून नेते, म्हणून भिंतीलगत दगड उघडे पडतात. देवक्याची पुळण मुळातच खडकाळ. खडकांवरच्या शिंपल्यांच्या कडा पाय कापतात. इथे पाण्यात उतरायचा हट्ट नकोच. देवका चालण्यासाठी ठेवा, पाण्यासाठी दमणगंगेपलीकडे, मोटी दमणच्या बाजूच्या जांपोर बीचला जा. तिथे उतार सपाट आहे, खडक कमी.

आणि पाणी गढूळ दिसले म्हणून नाक मुरडू नका. खंभातच्या आखातात तापी, नर्मदा, मही, साबरमती गाळ आणून टाकतात आणि भरती-ओहोटी तो सतत ढवळत राहते. निळे पाणी इथे कधीच नव्हते. त्यातला थोडा गाळ तर आपल्याच शिवारातून गेलेला.

बहुतेकांची सहल फसते ती भरतीच्या वेळेवर. इथे उधाणाला भरती-ओहोटीतला फरक पाच मीटरांच्या आसपास असतो. ओहोटीला समुद्र इतका आत जातो की समोर नुसता चिखल उरतो आणि माणसे ‘समुद्रच नाही’ म्हणत परततात. कोकणातला जुना हिशेब इथेही उपयोगी पडतो: तिथीला तिनाने गुणा, चाराने भागा, येतो तो पूर्ण भरतीचा तास. दमणला त्यात साधारण तास-सव्वातास मिळवा. पौर्णिमा-अमावास्येला (तिथी पंधरा धरा) भरती दुपारी साडेबाराच्या सुमारास येते, म्हणजे संध्याकाळी नेमकी ओहोटी. पंचमीला पावणेचार अधिक सव्वा तास, म्हणजे पाच. सप्तमीला साडेसहा. दोन्ही पक्षांत हेच. म्हणून मुलांना संध्याकाळी पाण्यात खेळवायचे असेल तर पंचमी ते सप्तमी गाठा. या दिवसांत उधाणही नसते, लाटेचा जोर कमी असतो. हिशेब ढोबळ आहे, निघायच्या आदल्या दिवशी भरतीचे वेळापत्रक मोबाइलवर पाहून घ्या. दर दिवशी वेळ सुमारे 50 मिनिटांनी पुढे सरकते.

पाण्यात उतरायचे ते भरतीच्या आधीचे दोन तास. पाणी उतरू लागले की बाहेर या, कारण ते आत ओढते. ओहोटीला चिखलातून लांबवर चालत जाणे त्याहून धोक्याचे: पुन्हा चढणारे पाणी आधी तुमच्या मागच्या खोलगट पट्ट्यांत भरते आणि किनाऱ्याची वाट तुटते. गाडी वाळूवर उतरवू नका. वरची वाळू टणक वाटते, खाली चिखल असतो. चाक फिरवाल तितके रुतते आणि भरती ट्रॅक्टरची वाट बघत नाही. जून ते सप्टेंबर पाण्यात उतरायचे नावच काढू नका. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम, त्यातही सोमवार ते गुरुवार. दिवाळी आणि 31 डिसेंबरला खोल्यांचे भाव चढतात.

धुळ्याहून गाडीने साक्री, नवापूर, सोनगड, व्यारा, बारडोली असे सुमारे 300 किलोमीटर पडतात. पहाटे पाचला निघालात तर कोंडाईबारी घाट ट्रकांची रांग लागण्याआधी ओलांडता येतो. चूक होते ती पलसाण्याला. सरळ गेलात तर सुरत-हजिऱ्याच्या वाहतुकीत अडकाल. तिथे मुंबईकडच्या महामार्गाला लागून नवसारी, वलसाडवरून वापी गाठा. नाशिक-पेठ-कपराड्याचा रस्ताही वापीला जातो, पण कपराड्याजवळचा कुंभघाट तीव्र उताराचा आहे. भरलेली गाडी खालच्या गिअरमध्येच उतरवा, नाहीतर ब्रेक तापतात.

रेल्वेने जाताना तिकीट काढण्याआधी गाडी सुरतेपर्यंत जाते की अलीकडच्या उधना स्टेशनलाच थांबते ते पाहा. पुढची वापीची गाडी त्यावर ठरते. वापीला पश्चिमेच्या बाजूने बाहेर पडा, दमण तिथून सुमारे 12 किलोमीटर. वाटेसाठी दुधात भिजवलेल्या पिठाच्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी घ्या, दोन दिवस टिकतात.

मोटी दमणचा किल्ला सकाळीच पाहा, दुपारी दगड तापतो. आतले बॉम जीझस चर्च 1603 सालचे. लाकडावरचे कोरीवकाम वेळ देऊन पाहण्यासारखे आहे. दमणगंगेपलीकडचा नानी दमणचा किल्ला लहान, तासाभरात होतो.

परतताना एक गोष्ट कटाक्षाने पाळा. दमणमध्ये दारू खुलेआम मिळते, पण दमणच्या जमिनीवरच्या सगळ्या बाजूंना गुजरात आहे आणि तिथे दारूबंदी. तुम्ही महाराष्ट्रात चालला आहात, हे कारण नाक्यावर चालत नाही. एक बाटली सापडली तरी गुन्हा नोंदतो, गाडी अडकते. सोबत मित्र असतील तर डिकी स्वतः उघडून पाहा आणि मगच निघा, सकाळी दहाच्या आत, म्हणजे कोंडाईबारी उजेडात पार होईल.