चोरीला गेलं त्यापेक्षा जास्त सापडलं

लष्कराच्या कोठारातून चोरलेला दारूगोळा सापडतो आणि मोजायला घेतला तर यादीपेक्षा स्फोटकांची एक पेटी जास्तच भरते! लिस्बनमधले माझे सहकारी दुपारी जेवताना हे हसत हसत सांगत होते. मला हसू आलं नाही, चीडच आली.

हे प्रकरण पोर्तुगालमधल्या तांकुश लष्करी तळाचं. जून 2017 मध्ये कुंपण कापून हातबाँब, रणगाडाविरोधी रॉकेटं, स्फोटकं, 9 मिलिमीटरच्या गोळ्या असा माल पळवला. कॅमेरे दोन वर्षं बंदच होते. लष्करी बड्यांनी किंमत सांगितली 34 हजार युरो, वर म्हणे रॉकेटं मोडीतच काढायची होती. संरक्षणमंत्री तर म्हणाले, कदाचित चोरी झालीही नसेल! ऑक्टोबरात शामुश्का भागात माल ‘सापडला’. लष्करी पोलिसांनीच चोराशी संधान बांधून हा शोध रचला होता, हे पुढच्या वर्षी उघड झालं. 9 मिलिमीटरच्या गोळ्यांचा मात्र त्यात पत्ता नव्हता.

गोव्यात, सत्तरी तालुक्यात माझ्या मामाची एकनळी बंदूक निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा, तीही नेमकी काजूच्या दिवसांत, रानडुकरं मोकाट. एनसीसीत फायरिंगनंतर एक पुंगळी कमी भरली तर अख्खी तुकडी गवत चाचपत बसायची. आणि इथे पेट्याच्या पेट्या गेल्या!

‘‘तुमच्याकडे असं होतच नाही?’’ एकाने विचारलं. मी ठणकावून नाही म्हटलं. 2024 च्या सप्टेंबरात गोव्यातल्या नाकेरी-बेतूलच्या गोदामात बंदुकीच्या दारूचा स्फोट झाला, ते काढलं नाही. तो स्फोट होता, विषय चोरीचा चालला होता.

एक मानलं पाहिजे. 2018 मध्ये त्या मंत्र्याने राजीनामा दिला, लष्करप्रमुखानेही दिला. माजी मंत्री आरोपी म्हणून कोर्टात उभा राहिला आणि 2022 च्या जानेवारीत निर्दोष सुटला. आपल्याकडे... जाऊ दे.

मग वयाने मोठ्या एकाने 1961 ची ती ऐकीव गोष्ट काढली: गोव्यातल्या पोर्तुगीज फौजेने सांकेतिक भाषेत ‘शोरीस’ (म्हणजे सॉसेज) म्हणून रणगाडाविरोधी दारूगोळा मागवला आणि लिस्बनहून खरंच डुकराच्या मांसाचे शोरीस आले. खरंखोटं देव जाणे, पण तेव्हा मी पोटभर हसलो. त्यावर तो म्हणाला, तुमच्या लोकांनीही आमच्या चौक्यांवरून बंदुका चोरल्याच की.

चोरल्या? गोवामुक्तीसाठी सशस्त्र लढणाऱ्या आझाद गोमंतक दलाचे छापे म्हणजे चोरी? सवईवेऱ्यात मराठी शिकवणारे मोहन रानडे 1955 मध्ये बेतीच्या चौकीवरच्या हल्ल्यात जखमी होऊन पकडले गेले, ते सुटले 1969 मध्ये, तेही याच देशातल्या तुरुंगातून. मोडक्यातोडक्या पोर्तुगीजमध्ये मी हे सगळं ऐकवलं. कुणी वाद घातला नाही. 1974 मध्ये आमच्याकडची हुकूमशाही गेली, त्यानंतर सगळं बदललं, एवढंच तो म्हणाला आणि विषय बेनफिका क्लबच्या फुटबॉल मॅचवर गेला.