एक ठोका मोठा, एक बुटका

तपासणीला आलेल्या काकांच्या छातीच्या कंपनांची नोंद घेत होतो. पहिल्या नोंदीपुढे मी लिहूनही टाकलं होतं : 'सेन्सर सैल, वगळा.'

स्क्रीनवर वरच्या ओळीत ईसीजी शिस्तीत चालला होता, मिनिटाला 84. प्रत्येक ठोका सारखा, अंतरही सारखंच. खालच्या ओळीत छातीच्या मधल्या हाडावर चिकटवलेल्या, हालचाल मोजणाऱ्या नखाएवढ्या अ‍ॅक्सिलरोमीटरची कंपनं. तिथे मात्र एक उंच, एक बुटकं, पुन्हा उंच, पुन्हा बुटकं.

टेप काढली, त्वचा पुसली, सेन्सर पुन्हा चिकटवला. तेच. श्वासाबरोबर ही कंपनं कमीजास्त होतात, म्हणून म्हटलं, "काका, जरा श्वास रोखून धरा." तरी तेच. सेन्सरच बदलला. तरीही तेच!

झडपा उघडतात-मिटतात, रक्त महाधमनीत ढकललं जातं, तेव्हा छातीची भिंत अगदी किंचित हलते. तेवढंच आम्ही टिपतो. त्यातलं बरंचसं 50 हर्ट्झच्या खाली असतं आणि 20 च्या खालचं तर कानाला कळतच नाही. म्हणजे स्टेथोस्कोपमधल्या लब-डबच्याही खालची ही हालचाल. ईसीजीवरून हृदयाला विजेचा हुकूम कधी मिळाला ते कळतं. तो किती जोरात पाळला गेला, ते इथे दिसतं.

शेवटी डॉक्टर मॅडमना बोलावलं. स्क्रीनकडे पाहून त्या काहीच बोलल्या नाहीत. काकांचं मनगट धरलं, बराच वेळ धरून ठेवलं. मग दंडाला बीपीचा कफ बांधला, फुगवला आणि स्टेथोस्कोप माझ्या कानात घातला. "ऐक, आणि मोज." हवा त्या इतक्या सावकाश सोडत होत्या, की पारा जेमतेम उतरत होता. ठोके सुरू झाले, संथ. मिनिटाला 42 च्या हिशेबाने. पारा आणखी थोडा खाली आला आणि ठोके एकदम दुप्पट झाले. इतका वेळ बुटके ठोके कफच्या दाबापलीकडे पोचतच नव्हते.

"पल्सस अल्टरनन्स," त्या हळूच म्हणाल्या. जर्मन डॉक्टर ट्राउबेने 1872 मध्ये वर्णन केलेली नाडी. लय नियमित, पण जोर एकाआड एक कमी. डावी जवनिका, म्हणजे शरीरभर रक्त ढकलणारा हृदयाचा कप्पा, थकल्याची ही खूण. त्याच संध्याकाळी टुडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे जवनिकेत भरलेल्या रक्तापैकी एका ठोक्यात बाहेर पडणारा वाटा, अवघा 25 टक्के. जिना चढताना लागणारी धाप काका इतके दिवस वयावर ढकलत होते. दुसऱ्याच दिवशी औषधं सुरू झाली.

मला मात्र रात्री झोप लागली नाही. सेन्सरचा संशय फिटला होता, पण आमचा प्रोग्राम वीस-वीस ठोक्यांची सरासरी काढून एकच गुळगुळीत आलेख दाखवायचा. त्या दिवशी योगायोगाने कच्चा सिग्नल उघडा होता, म्हणून हे दिसलं. सरासरीत उंच-बुटकं दोन्ही विरघळून एक बऱ्यापैकी मध्यम ठोका उरला असता आणि काका घरी गेले असते.

सकाळी आल्याआल्या तो सरासरीचा भाग बंद केला. आता प्रत्येक ठोका सुटा दिसतो. नोंदवहीतली ती ओळ खोडून शेजारी तारीख घातली.